निरोप घेऊनही न गेलेल्या सुप्रभाताई

हिगाशी-कसाईला राहतो असं सांगितलं की भारतातले नातेवाईक आधी दचकतात आणि मग हसतात. नावावर जाऊ नये. तोक्योच्या या कोपऱ्यात सगळ्या इमारती एकमेकींच्या जुळ्या बहिणी आहेत आणि त्यांतली बरीच बिऱ्हाडं आपल्याकडच्या सॉफ्टवेअरवाल्यांची. सकाळी नवरे भुयारी रेल्वेने ऑफिसला जातात, मुलं पाठीवर चौकोनी दप्तरं अडकवून शाळेत जातात, आणि मग आम्ही बायका एकमेकींकडे लक्ष ठेवतो. मला तर हे काम मनापासून आवडतं. आमची आई याला नसती उठाठेव म्हणते. मी चौकसपणा म्हणते.

त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या सुप्रभाताई इंग्रजी शिकवायला नॉर्वेला चालल्यात, आणि तेही एकट्या, हे कानावर आलं तेव्हा मी गॅस बंद करून तडक वर गेले.

"खरंय का हो ताई?"

"खरंय. ये, बस."

"एकट्याच?"

"मग? त्यांनी एकच बाई मागवलीय."

सुप्रभाताई पन्नाशीला आलेल्या, मूळच्या मिरजेच्या. नवरा उल्हासराव, इथल्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर, अतिशय सज्जन आणि अतिशय गप्प. मुलगी अपूर्वा ओसाकाला विद्यापीठात. आईने मराठीत विचारलं की ती जपानीत उत्तर देते आणि रागावली की इंग्रजीत. म्हणजे चारचौघांसारखं घर. अशा घरातली बाई उठून एकटी उत्तर ध्रुवाच्या दिशेने का जाईल, हा प्रश्न मला जेवू देईना.

आमच्या बायकांच्या ग्रुपवर उत्तरं भराभर आली. कुणी म्हणालं, नवरा-बायकोचं बिनसलंय. कुणी म्हणालं, वयच असं असतं. कुणी म्हणालं, तिकडे रात्री आकाशात हिरवे दिवे दिसतात, ते बघायला. मला यातलं एकही पटलं नाही, पण पहिल्याने मनात घर केलं. कारण मी त्या दिवशी उल्हासरावांनाही विचारलं होतं. ते चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येत होते. म्हणाले, "तिला जायचंय, जाऊ दे." एवढंच बोलले आणि आत गेले. ज्याचं काही बिनसलेलं नाही असा नवरा निदान कुरकुर तरी करतो.

ताईंचं स्वतःचं उत्तर वेगळंच होतं. ते समजायला त्यांची इथली नोकरी माहीत हवी.

मिरजेत त्या मुलींच्या शाळेत अकरा वर्षं इंग्रजी शिकवत होत्या. तिथल्या पोरी वाह्यात होत्या, असं त्या फार प्रेमाने सांगायच्या. एकीने उभं राहून विचारलं होतं, "बाई, इंग्रज गेले तर त्यांची भाषा ते बरोबर का नाही घेऊन गेले?" ताईंनी पुस्तक मिटलं आणि अख्खा तास त्या प्रश्नावर घालवला. मुख्याध्यापिकाबाईंनी झापलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघींनी प्रश्न आणले.

मग उल्हासरावांबरोबर जपान. काही वर्षं घरी बसल्यावर त्यांना इथल्या एका प्राथमिक शाळेत इंग्रजीच्या सहायक शिक्षिकेचं काम मिळालं. सहायक म्हणजे काय ते ऐका. वर्ग मुख्य बाईंचा. सहायकाने फळ्याच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, चित्राचं कार्ड वर धरायचं, शब्द म्हणायचा. मुलांनी तो म्हणायचा. सफरचंद. सफरचंद. कुत्रा. कुत्रा. काय शिकवायचं ते मुख्य बाई ठरवणार, रागावायचं त्यांनी, शाबासकी त्यांनी द्यायची. तिथल्या हिराता बाई स्वभावाने गोड होत्या, ताईंना कधी दुखावलं नाही. पण एकदा एका मुलीने ताईंना विचारलं, भारतात उन्हाळ्याची सुट्टी किती मोठी असते? ताईंचे डोळे चमकले, त्या सांगायला लागल्या, आणि हिराता बाईंनी हसून घड्याळाकडे पाहिलं. पुढचं कार्ड.

"मी टेपरेकॉर्डर आहे गं कश्मिरा," ताई म्हणायच्या. "तोही जुना. मधूनमधून चहा लागतो."

नॉर्वेतल्या शाळेची जाहिरात त्यांनी इंटरनेटवर पाहिली. एकदम वरच्या टोकाचं, समुद्रकाठचं गाव, तिथे इंग्रजीला शिक्षक टिकत नव्हता. ताईंनी अर्ज केला आणि जानेवारीत व्हिडिओवर मुलाखत झाली. मुख्याध्यापिका इंग्रिड बोलत असताना मागून एक मुलगा आला, कॅमेऱ्यात तोंड घालून म्हणाला, "तू सुप्रभा का? इथे तर अंधार असतो. तू कशाला येतेयस?"

"बारा वर्षांचं कार्टं, मला अगं-तुगं करतंय! आणि ती इंग्रिड त्याला ओरडेना. ती म्हणाली, हो खरंच, का येतेयस?" हे सांगताना ताई इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "कश्मिरा, किती वर्षांनी मला कुणी प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलं असेल? मला तिथेच जायचंय. मला परत एक वर्ग हवाय, माझा स्वतःचा. अंधार असू दे नाहीतर बर्फ."

मी घरी आले आणि नवऱ्याला, अनुरागला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, वर्ग तर पुण्यातही मिळेल. पुरुषांना काही गोष्टी सांगून उपयोग नसतो.

इंग्रिडने कळवलं की तुम्ही आम्हाला पसंत आहात, शाळा ऑगस्टमध्ये सुरू होते, आमच्या नगरपालिकेची मंजुरी आली की कागद पाठवते. आणि इथे ताईंनी घोळ घातला. तो घोळ फक्त मिरजेत जन्मलेली आणि जपानमध्ये मुरलेली बाईच घालू शकते.

जपानमध्ये सगळं मार्चमध्ये संपतं. शाळेचं वर्ष, नोकरीचे करार, बदल्या. जाणारा माणूस रीतसर निरोप घेतो. ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर वेगळं वेष्टन असलेला एकेक गोड पदार्थ ठेवतो, इमारतीत वरच्या, खालच्या, शेजारच्या घरांची घंटी वाजवून वाकून सांगतो, आजवर सांभाळून घेतलंत, आभारी आहे. ताईंचा शाळेचा करार मार्चअखेर संपत होता, तो त्यांनी वाढवला नाही. शाळेचा निरोप घ्यायचाच होता, तर शेजारपाजारही एका हातासरशी उरकू, असं त्यांनी ठरवलं. मी म्हटलं, "ताई, मंजुरी तर हातात येऊ द्या." त्या म्हणाल्या, "अगं, मार्चनंतर निरोप घेणं बरं दिसत नाही." झालं, जपान बोललं. मग मिरज बोलली: दुकानातला मिठाईचा खोका नको, स्वतः करू. त्यांनी नारळाच्या वड्या केल्या, एकेक वडी पारदर्शक कागदात बांधली, वर भारताचा आणि नॉर्वेचा झेंडा चिकटवला. एखाद्या साध्या खोक्याचा निरोप लोक विसरलेही असते. या वड्या कोण विसरणार?

आणि जपानी माणूस निरोप नुसता घेत नाही, परतफेड करतो. कुणी उबदार कानटोपी आणून दिली, कुणी खिशात ठेवायच्या गरम पुड्या. ताईंच्या बरोबर खालच्या घरात ओकुमुरा-सान, म्हणजे ओकुमुराबाई, राहतात, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. त्यांनी स्वतः विणलेले लोकरी मोजे दिले आणि ताईंचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. इथे लोक असा हात धरत नाहीत.

एप्रिलच्या शेवटी इंग्रिडचा निरोप आला. नगरपालिकेला शंका होती. अर्जात गेली कित्येक वर्षं सगळं सहायकाचं काम दिसतं, एकटीने वर्ग घेतल्याला फार काळ लोटलाय. ही बाई वर्ग सांभाळेल कशावरून? मंजुरी अडकली.

ताईंचं तोंड उतरलं ते उतरलंच. टेपरेकॉर्डरपणाला कंटाळून निघाल्या आणि तोच टेपरेकॉर्डर दारात आडवा पडला. शाळेत परत जावं तर त्यांच्या जागी नवी सहायक आलेली. आणि इमारतीत तर त्या अधिकृतपणे निघून गेलेल्या! ज्या बाईला हात धरून निरोप दिला ती मे महिन्यात लिफ्टमध्ये दिसली तर जपानी शेजाऱ्याने काय करावं? विचारणं असभ्य, न विचारणं अवघड. ते नुसते वाकायचे आणि हवेबद्दल बोलायचे. ताईंना ते वाकणं टोचायचं.

मग लपाछपी सुरू झाली. कसाई स्टेशनजवळचं सुपरमार्केट सोडून ताई एक स्टेशन पुढे, उरायासूला जाऊन कांदे-बटाटे आणायला लागल्या. लिफ्ट सोडून मागच्या जिन्याने उतरायला लागल्या. कचऱ्याचं मोठं संकट होतं. इथे जळणारा कचरा, प्लॅस्टिक, बाटल्या, सगळ्याचे वार ठरलेले आणि सकाळी आठच्या आत खाली ठेवायचा, म्हणजे सगळी इमारत तिथे भेटणार. ते काम उल्हासराव करायला लागले. सूट-टाय घातलेला तो गप्प माणूस पिशव्या नेऊन ठेवायचा, ओकुमुरा-सान त्यांना विचारायच्या, "सौ. ठीक आहेत ना, तिकडे?" आणि ते मान हलवायचे. ती मान हो म्हणत होती की नाही, हे देवालाही कळलं नसतं.

"तुम्ही भांडत का नाही त्या नगरपालिकेशी?" मी उल्हासरावांना एकदा जिन्यात गाठून म्हटलं. खरं तर मला विचारायचं होतं, तुमचं दोघांचं काय चाललंय? पण मलाही थोडी लाज आहे.

"तिला जायचंय," ते म्हणाले. आणि एक पायरी उतरून, "जाईल ती." त्यांच्या चेहऱ्यावरून काहीही कळलं नाही. आनंद नाही, राग नाही. मला त्यांचा भयंकर राग आला.

मे महिन्यात इंग्रिडने एक वाट काढली. ती म्हणाली, मला तू वर्ग घेताना दाखव. कुठलाही वर्ग, मोठी माणसं असली तरी चालतील. मी स्वतः बघते आणि नगरपालिकेला सांगते.

"पण वर्ग आणू कुठून?" ताई कपाळाला हात लावून बसल्या. "इथली मुलं कॅमेऱ्यासमोर बसवायची तर हजार परवानग्या."

"खाली मीटिंगची खोली आहे," मी म्हटलं. "आणि इमारत भरून माणसं आहेत."

"कश्मिरा! मी त्यांचा निरोप घेतलाय. कुठल्या तोंडाने बोलावू?"

"माझं तोंड वापरा. त्याला सवय आहे."

मी मोडक्यातोडक्या जपानीत दारोदार फिरले. सांगितलं, शनिवारी दुपारी एक तास इंग्रजीचा वर्ग आहे, फुकट आहे, आणि खरं सांगायचं तर परीक्षा आहे, पण तुमची नाही, बाईंची. दारात उभं राहून ओकुमुरा-साननी ते दोनदा विचारून घेतलं. परीक्षा? त्यांची? मग त्या म्हणाल्या, यायलाच हवं. त्या तरुणपणी कोबेला बंदरातल्या एका कचेरीत इंग्रजी पत्रं टाइप करायच्या, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं एका इमारतीत राहून मला हे माहीत नव्हतं याचीच मला जास्त लाज वाटली.

शनिवारी खोली भरली. बहुतेक म्हातारी माणसं, सगळी दहा मिनिटं आधी येऊन बसलेली, मांडीवर नवीन कोऱ्या वह्या. मागच्या रांगेत उल्हासराव लॅपटॉप धरून. त्यात इंग्रिडचा चेहरा, तिकडची सकाळ, हातात कॉफी. मी कोपऱ्यात. ताईंनी साडी नेसली होती. हातात एकही कार्ड नव्हतं.

"आज मी काहीच म्हणून दाखवणार नाही," त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. "तुम्ही मला प्रश्न विचारायचे. एकच अट आहे. जे तुम्हाला खरंच जाणून घ्यायचंय तेच विचारायचं."

जपानी माणूस पहिला हात वर करत नाही. चुकलं तर? दुसऱ्याला अवघड वाटलं तर? सगळे वह्यांकडे बघत होते. ताई उभ्या. मला वाटलं, आता बुडालं सगळं, आणि मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं. ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. मिरजेच्या पोरींचं काय होत असेल ते मला तेव्हा समजलं.

शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा अर्धवट उठले. "डू यू लाइक सुशी?"

"तुम्हाला हे खरंच जाणून घ्यायचंय का?" ताईंनी विचारलं.

आजोबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नो."

पहिल्यांदा खोली हसली. आणि ते हसू ओसरायच्या आत ओकुमुरा-सान उभ्या राहिल्या. टाइपरायटरवर एकेक अक्षर दाबावं तशा बोलल्या. "यू सेड गुडबाय. व्हाय आर यू स्टिल हिअर?"

निरोप घेतलास, मग अजून इथे का आहेस. सगळी इमारत दोन महिने जो प्रश्न गिळून बसली होती, तो असा भर सभेत. बायकांनी तोंडावर हात घेतले. जपानीत हा प्रश्न त्यांनी जन्मात विचारला नसता. इंग्रजीत मात्र विचारला.

ताईंचा चेहरा लाल झाला आणि मग एकदम मोकळा झाला. "कारण मी निरोप घ्यायची घाई केली," त्या म्हणाल्या. "मंजुरी आलेली नाही. मला फार शरम वाटत होती. म्हणून मी मागच्या जिन्याने जाते."

"आय नो," ओकुमुरा-सान म्हणाल्या. "आय हिअर युअर शूज."

मग जो हशा पिकला! आणि त्यानंतर प्रश्नांना नुसता ऊत आला. पगार किती मिळेल, तिथे वांगी मिळतात का, भीती वाटत नाही का, मुलगी काय म्हणाली, नवरा काय खाईल. व्याकरणाचे हातपाय मोडलेले, पण प्रत्येक प्रश्न खराखुरा. एकाचं वाक्य अडलं की ताई स्वतः पुरवत नव्हत्या, शेजारच्याला पुरवायला लावत होत्या. एकाच्या प्रश्नातून दुसऱ्याचा काढत होत्या. जिला मी इतकी वर्षं भाजीच्या पिशव्यांसकट ओळखत होते ती ही बाई नव्हतीच. मला वाईट वाटलं, की हे एवढं सगळं कार्ड धरून उभं होतं.

इंग्रिडने तिथेच मनाशी ठरवलं होतं, असं तिने नंतर कळवलं. जुलैत मंजुरी आली आणि ऑगस्टमध्ये ताई गेल्या, पुन्हा निरोपबिरोप न घेता. आता त्या तिथे शिकवतात. पण मला सांगायचंय ते त्या शनिवारच्या शेवटच्या पाच मिनिटांबद्दल.

"एक शेवटचा प्रश्न," ताई म्हणाल्या.

मागच्या रांगेत हात वर झाला. उल्हासरावांचा. लॅपटॉप त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवला होता आणि ते शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले होते. खोलीतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

"सुप्रभा," ते इंग्रजीतच म्हणाले, अटीप्रमाणे. "डिड आय डू समथिंग राँग?"

माझं काही चुकलं का. ग्रुपवरच्या सगळ्या बायकांनी मिळून जे रचलं होतं, तेच या माणसानेही एकट्याने मनात रचलं होतं, आणि 'तिला जायचंय, जाऊ दे' म्हणत कचऱ्याच्या पिशव्या खाली नेल्या होत्या.

ताईंनी हातातलं पेन ठेवलं आणि खुर्च्यांमधून मागे गेल्या. वर्ग, इंग्रिड, परीक्षा, कशाचंही त्यांना भान राहिलं नाही. मराठीत म्हणाल्या, "अहो, काय हे? तुमचं काहीच चुकलेलं नाही. मला वर्ग हवाय हो. बाकी काही नाही. तुम्ही इतके महिने हे मनात धरून बसलात? मला घरी का नाही विचारलंत?"

उल्हासरावांनी चष्मा काढला. खोलीत मराठी कळणारी मी एकटीच होते, पण सगळे माना खाली घालून बसले होते.

"घरी विचारलं असतं," ते म्हणाले, "आणि तू हो म्हणाली असतीस, तर मी कुठे गेलो असतो? इथे निदान माणसं आहेत."